फाईल हलकी करा, अक्षर जपा

स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या, शेतातून येऊन नुकत्याच टेकलेल्या, सगळ्या तायांना आमच्या बचत गटांचा नमस्कार.

आज विषय जरा वेगळा आहे. आज आपण फाईलच्या वजनाबद्दल बोलणार आहोत. मोबाईलवरून किंवा संगणकावरून अर्ज भरताना कागदपत्रं अपलोड करावी लागतात, आणि तिथे लिहिलेलं असतं, ‘फाईल २५६ केबीच्या आत हवी’. हे वाक्य वाचून आपल्यापैकी कितीजणींनी फोन बाजूला ठेवून दिला असेल! आम्हीही ठेवला होता. आणि एकदा बाजूला न ठेवता घाईघाईत जे केलं, ते त्याहून महागात पडलं. तिथूनच सुरुवात करू.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी बारावी झाली आणि तिने पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश घेतला. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाईन भरायचा होता. तालुक्याच्या केंद्रावर गर्दी, जाण्यायेण्यात एक रोज बुडणार, म्हणून आम्ही म्हटलं, आपणच भरू. संध्याकाळी ताईंच्या घरी बसलो. उत्पन्नाचा दाखला पलंगावरच्या चादरीवर ठेवला, बल्बच्या उजेडात फोटो काढला. फोटो भरला ४ एमबी. संकेतस्थळ म्हणालं, चालणार नाही. मग एक ॲप घेतलं, त्यातली दर्जाची पट्टी ओढत ओढत पार खाली नेली. फाईल झाली ६० केबी. अपलोड झाली, हिरवी खूण आली. आम्ही सगळ्यांनी चहा घेतला आणि घरी गेलो.

चूक तिथेच झाली. हिरव्या खुणेचा अर्थ एवढाच असतो की फाईलचं वजन बसलं. ती वाचता येते की नाही, हे संगणक बघत नाही. ते पुढे माणूस बघतो. त्या माणसाने अर्ज परत पाठवला, कारण दिलं ‘उत्पन्नाचा दाखला अस्पष्ट’. तो शेरा आमच्या लॉगिनमध्ये पडून राहिला. आम्ही पुन्हा उघडून बघितलंच नाही. बघितलं तेव्हा मुदत संपलेली होती.

त्या वर्षाची फी ताईंनी गटातून अंतर्गत कर्ज घेऊन भरली. त्याचे हप्ते अजून चालू आहेत. ताई आम्हाला काही लागट बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “ताई, कागद तर खरा होता ना आपला? मग परत का आला?” याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. आज जे सांगतोय, ते त्या उत्तराच्या शोधात शिकलेलं आहे.

आमच्या गटाच्या सचिव काकूंची सून संगणकाचा कोर्स केलेली आहे. तिला आम्ही मासिक बैठकीत बोलावलं. सून शिकवतेय आणि सासू पहिल्या रांगेत वही घेऊन बसलीय, असं आमच्या गटात पहिल्यांदाच घडलं. तिने आधी केबी आणि एमबी समजावलं.

आपण किलो आणि ग्रॅम म्हणतो, तसं फाईलचं वजन केबी आणि एमबीमध्ये मोजतात. १ एमबी म्हणजे १०२४ केबी. म्हणजे आमचा ४ एमबीचा फोटो चार हजार केबीच्या वर होता, आणि दार होतं २५६ केबीचं. सोळापट मोठं गाठोडं आम्ही त्या दारातून ढकलत होतो.

आता फोटो एवढा जड का होतो? फोटो म्हणजे बारीक बारीक ठिपके. रांगोळी ठिपक्यांवर काढतो ना, तसंच. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर एका फोटोत आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके येतात. पण नेहमीचा ए-फोर कागद नीट वाचायला एका इंचात १५० ठिपके पुरतात. अख्ख्या पानाचे होतात १२४० गुणिले १७५४, म्हणजे साधारण २२ लाख. बाकीचे जवळजवळ एक कोटी ठिपके आपण उगाच वाहून नेतो. त्यात पलंगाची चादर असते, कागदाची सावली असते, कधी आपल्या पायाचा अंगठाही असतो.

हे सगळं ऐकून सचिव काकू म्हणाल्या, “म्हणजे पाखडायचं, दळायचं नाही.” त्या एका वाक्यात सगळं आलं. पाखडताना फोलपट उडतं आणि दाणा सुपात राहतो. आम्ही त्या रात्री दाणाच दळून टाकला होता. चादर तशीच ठेवली आणि अक्षरांचं पीठ केलं.

तेव्हा मैत्रिणींनो, आता पाखडायचं कसं ते क्रमाने सांगतो. वही असेल तर लिहून घ्या.

पहिली गोष्ट. फोटो काढण्याआधी स्वतःला विचारा, याची मूळ पीडीएफ मिळते का? आजकाल बरेच कागद मुळातच संगणकावर तयार होतात. महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. त्यावर तलाठ्याचा सही-शिक्का लागत नाही. दहावी-बारावीची गुणपत्रकं डिजिलॉकरमध्ये मिळतात. ऑनलाईन अर्ज करून काढलेला दाखलाही पीडीएफमध्ये उतरवता येतो. अशा पीडीएफमध्ये ठिपके नसतात, खरी अक्षरं असतात. म्हणून ती बहुतेक वेळा मुळातच हलकी असते, आणि कितीही मोठी करून बघितली तरी अक्षर फुटत नाही. आपण काय करतो? तिची झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढतो, घडी घालून पर्समध्ये ठेवतो, आणि मग त्या घडीच्या कागदाचा फोटो काढतो. हलकी, स्वच्छ फाईल जड आणि मळकी होते, वर पैसेही जातात. आणि त्यातली डिजिटल सहीसुद्धा जाते. ती सही फाईलच्या पोटात असते, कागदावर तिचं नुसतं चित्र उरतं. म्हणून मूळ पीडीएफ मर्यादेत बसत असेल तर तिला हात न लावता तशीच अपलोड करा.

दुसरी गोष्ट. फोटोच काढायचा असेल तर चांगला काढा. दिवसाउजेडी, ओसरीवर किंवा दाराजवळ. ऊन थेट कागदावर नको, फ्लॅश नको. कागद सपाट करा, घडी असेल तर थोडा वेळ जाड वहीखाली दाबून ठेवा. खाली एकरंगी, गडद काहीतरी असू द्या, म्हणजे कागदाच्या कडा कळतात. फुलाफुलांची चादर नको. फोन कागदाच्या बरोबर वर, सरळ धरा. यामागे वजनाचंही कारण आहे. फोटोची फाईल तयार होताना सपाट पांढरी जागा फार थोड्या वजनात मावते. पण चादरीची नक्षी, सावली, सुरकुत्या, यांची बारीकसारीक नोंद होते आणि फाईल फुगते. स्वच्छ फोटो मुळातच हलका असतो. ज्यांच्याकडे अँड्रॉइड फोन आहे, त्यांना गूगल ड्राइव्हमध्ये स्कॅन करायची सोय मिळते. ती कागदाच्या कडा ओळखते, तिरका कागद सरळ करते आणि पीडीएफ बनवते.

तिसरी गोष्ट, कापणं. कागदाच्या चारही बाजूंचं नको असलेलं कापून टाका. फोटो उघडला की एडिटमध्ये क्रॉप असतं. यात अक्षराला धक्का लागत नाही आणि बरंच वजन उतरतं. म्हणून हे सगळ्यात आधी.

चौथी गोष्ट, ठिपके कमी करणं. याला रिसाइझ म्हणतात. काही फोनमध्ये एडिटमध्येच ही सोय असते. संगणकावर पेंट नावाचा प्रोग्राम असतो, त्यात फोटो उघडा, रिसाइझवर जा, पिक्सेल निवडा आणि आडव्या मापात १२४० लिहा. उभं माप आपोआप बदलतं, फक्त प्रमाण राखायची खूण चालू आहे ना ते बघा, नाहीतर कागद लांबट किंवा बुटका होईल. अक्षर फारच बारीक असेल, जसं काही जुन्या कागदांवर असतं, तर १२४० ऐवजी १६५४ ठेवा. म्हणजे इंचाला २०० ठिपके. मग ‘सेव्ह ॲज’ करून जेपीजी निवडा आणि वजन बघा. बहुतेक वेळा इथेच काम भागतं.

पाचवी गोष्ट, दर्जाची पट्टी. तिला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. जेपीजी ही पद्धत फाईल लहान करताना बारीक तपशील टाकून देते. थोडा टाकला तर डोळ्याला कळत नाही. जास्त टाकला की अक्षरांभोवती धुरकट डाग येतात, कडा फुटतात. ॲपमध्ये दर्जाचा आकडा असेल तर ८० पासून सुरू करा, मग ७०, मग ६०. त्याच्या खाली शक्यतो जाऊ नका. आम्ही त्या रात्री क्रॉप केलं नाही, रिसाइझ केलं नाही, थेट पट्टी तळाला नेली. सगळं उलटं केलं.

आता रंगाबद्दल. स्कॅन करताना काळं-पांढरं निवडलं तर फाईल खूप हलकी होते. छापील कागदाला ते चालतं. पण जपून. निळा शिक्का फिका असेल, सही पुसट असेल, हाताने लिहिलेलं असेल, तर काळ्या-पांढऱ्यात ते गायबही होतं. आमच्या एका ग्रामसंघाच्या ठरावावरचा शिक्का असाच उडाला होता. शिक्का-सहीचा कागद रंगीतच ठेवा, फारतर राखाडी करा.

हे झालं की परीक्षा घ्यायची. तयार झालेली फाईल उघडा, दोन बोटांनी मोठी करा आणि सगळ्यात बारीक अक्षर वाचा. मोठं शीर्षक वाचता येतं म्हणून खूश होऊ नका. दाखल्याचा क्रमांक, तारीख आणि रक्कम वाचा. इंग्रजी आकड्यांत ३ आणि ८ एकमेकांसारखे दिसू लागतात, मराठीत १ आणि ९. आणि आपल्या मराठीचं एक खास दुखणं आहे, अनुस्वार. तो एवढासा ठिपका, सगळ्यात आधी तोच पुसला जातो. शिंदे असेल तर शिदे होतं, कांबळे असेल तर काबळे. मग आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळत नाही. आमच्या बैठकीत आता नियम केलाय: ज्या ताईचा कागद आहे तिने नाही, शेजारच्या ताईने वाचून दाखवायचं. आपला कागद आपल्याला पाठ असतो, डोळा आपोआप वाचून टाकतो. दुसरीला वाचता आला तर साहेबांनाही येईल.

आणखी काही चुका, ज्या आम्ही सगळ्या केल्यात, म्हणून सांगतो.

लहान केलेली फाईल पुन्हा लहान करू नका. जेपीजी दर वेळी बदलून साठवली की प्रत्येक वेळी थोडं जातं, आणि गेलेलं परत येत नाही. पुन्हा लागली तर मूळ फोटोपासून सुरुवात करा. म्हणून मूळ फोटो कधी पुसू नका. फोनमध्ये दोन फोल्डर करा, एकाचं नाव ‘मूळ’, दुसऱ्याचं ‘पाठवायचे’.

व्हॉट्सॲपवरून कागदाचा फोटो पाठवताना तो फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सॲप स्वतःच त्याला लहान करतं. मुलाने मुंबईहून पाठवलेला कागद इथे धूसर दिसतो तो त्यामुळे. पिनच्या खुणेवर दाबून ‘डॉक्युमेंट’ निवडा आणि मग तीच फाईल पाठवा. जशी आहे तशी पोचते.

नुसतं नाव बदलून प्रकार बदलत नाही. जेपीजी मागितली आहे आणि आपल्याकडे पीएनजी आहे, म्हणून नावाच्या शेवटी जेपीजी लिहिलं तर आत पीएनजीच राहते. डब्यावर साखर लिहिलं म्हणून मीठ गोड होत नाही. फाईल उघडून ‘सेव्ह ॲज’नेच बदला. आणि नाव देताना इंग्रजी अक्षरांत, लहान, मधे जागा न सोडता द्या. काही संकेतस्थळं मराठी नावाची फाईल घेत नाहीत.

कमीत कमी किती, हेही वाचा. काही ठिकाणी फाईल अमुक केबीपेक्षा लहान असली तरी परत येते. जास्तीत जास्त २५६ म्हटलं असेल तर २०० ते २५०च्या आसपास ठेवा. मिळालेली जागा पूर्ण वापरा, ६०पर्यंत खाली यायची काही गरज नाही.

गटाचं इतिवृत्त किंवा बँकेचं पासबुक अशी बरीच पानं एका पीडीएफमध्ये द्यायची असतील तर आधी पानं मोजा. मर्यादा २ एमबी आणि पानं १० असतील तर एका पानाच्या वाट्याला २०० केबी येतात. प्रत्येक पान आधी तेवढं करा, मग एकत्र जोडा. कोरी पानं आणि न मागितलेली पानं घालू नका.

आता एक काळजीची गोष्ट. इंटरनेटवर फाईल फुकट लहान करून देणारी बरीच संकेतस्थळं आहेत. त्यांचं काम चांगलंही होतं. पण तिथे फाईल टाकली म्हणजे ती आपल्या घरातून दुसऱ्याच्या संगणकावर गेली. शेतमालाचं माहितीपत्रक असेल तर जाऊ दे. आधार, पासबुक, पॅन, सातबारा असेल तर फोनमध्येच किंवा पेंटमध्ये लहान करा. आधार कुठे नुसतं ओळखीसाठी द्यायचं असेल तर झाकलेलं आधार मिळतं. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चार दिसतात. आधीच विचारून घ्या, ते चालेल का म्हणून. केंद्रावर किंवा झेरॉक्सच्या दुकानात फाईल दिली असेल तर काम झाल्यावर उभं राहून सांगा, “दादा, आमची फाईल पुसा.” लाजायचं काही कारण नाही. तिथल्या संगणकावर आपलं व्हॉट्सॲप उघडलं असेल तर तेही बंद करून निघा.

आणि शेवटची गोष्ट. अपलोड झालं म्हणजे काम झालं असं समजू नका. आमच्या गटाने आता वहीत एक पान केलंय. कुणाचा कोणता अर्ज, कोणत्या तारखेला भरला, कोणता मोबाईल नंबर दिला, आणि दर सोमवारी कोणी उघडून बघायचं. परत आलेला अर्ज मुदतीत दिसला तर दुरुस्त करता येतो. आमचा त्या वर्षी दिसला नाही, एवढ्यासाठी एक वर्षाची फी गेली.

त्याच मुलीचा अर्ज आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा भरला. उत्पन्नाच्या दाखल्याची मूळ पीडीएफ उतरवून घेतली, ती तशीच बसली. गुणपत्रकाचा फोटो सकाळी ओसरीवर काढला, कापला, १२४० ठिपक्यांवर आणला. फाईल झाली २१० केबी. अपलोड करण्याआधी सचिव काकूंनी चष्मा लावून सगळे आकडे मोठ्याने वाचले. मुलगी म्हणाली, “काकू, बरोबर आहेत.” मग पाठवली. दर सोमवारी बघत होतो. अर्ज मंजूर झाला.

त्या दिवशी ताईंना आम्ही त्यांच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर दिलं. कागद खराच होता. पण समोरचा माणूस आपला कागद हातात घेत नाही, आपण पाठवलेलं त्याचं चित्र तेवढं बघतो. ते चित्र वाचता येईल असं पाठवणं हे आपल्याच हातात आहे. मागच्या वर्षीचे पैसे काही परत आले नाहीत. ताई म्हणाल्या, “जाऊ दे, हप्ता आहे तोवर लक्षात राहील.”

मैत्रिणींनो, या आठवड्यात एक काम करा. घरातला एकच कागद घ्या, उत्पन्नाचा दाखला नाहीतर मुलांचं गुणपत्रक. अर्जाची घाई नसताना, निवांत, दिवसाउजेडी त्याचा फोटो काढा. कापा, ठिपके कमी करा, २५० केबीच्या आत आणा. मग पुढच्या बैठकीत शेजारच्या ताईच्या हातात फोन द्या आणि सांगा, “वाचून दाखव.” तिला अनुस्वारासकट वाचता आलं तर तुम्ही पास. नाही आलं तर मूळ फोटो आहेच, पुन्हा करून बघा.

कुठे अडलं तर तुमच्या गटाच्या समन्वयक ताईंना विचारा, आणि ज्या सुनेला, लेकीला जमतंय तिला बैठकीत मानाने बोलवा. आम्ही तेच केलं.

नमस्कार. भेटू पुढच्या वेळी.